मनोऱ्याचं तिसरं तिकीट

आशा : आणि मी खाली काय करायचं? तुमच्या पर्सा सांभाळत बसायचं?

धनंजय : आई, प्लीज. हा टायमर बघ कसा पळतोय. तो संपायच्या आत पेमेंट केलं नाही तर ही तिन्ही तिकिटं हातची जातील.

आशा : तिन्ही. इटलीला जाणार आपण चौघं आणि तिकिटं तीन. तू, मनाली आणि तुझ्या सासूबाई, विनिताताई. चौथीच्या पोरांना गणित शिकवत होते रे मी, एवढी वजाबाकी येते मला.

धनंजय : अगं, तुला विचारलं होतं मी! मागच्या शुक्रवारी, ऑफिसला हाफ डे होता तेव्हा, इथेच, याच सोफ्यावर. म्हटलं, आई, पिसाच्या कलत्या मनोऱ्यावर चढायचं का? तू म्हणालीस, "नको रे बाबा, तुम्ही जा."

आशा : मग?

धनंजय : मग काय? मग मी तीनच तिकिटं धरली. खलास.

आशा : नको म्हटलं की खलास? कुणाकडे गेलो आणि पोहे पुढे आले की आधी काय म्हणतो आपण?

धनंजय : नको म्हणतो.

आशा : आणि मग बशी चाटूनपुसून खातोच ना? चिपळूणला बसलेले तुझे बाबा मला तीन-तीनदा विचारतात, तेव्हा कुठे मी साडी घेते. एकदा विचारून गप्प बसले असते तर अजून लग्नातल्याच साड्या नेसत असते मी.

धनंजय : आई, ही इटलीची साइट आहे. ती आग्रह नाही करत. पिसाला आपण अर्धाच दिवस आहोत, फ्लॉरेन्सहून जाऊन संध्याकाळी परत. त्या अर्ध्या दिवसात आता एवढीच तीन उरलीत, बाकी सगळं सोल्ड आउट. मी काय करू, बोल.

आशा : विनिताताईंना किती वेळा विचारलंस?

धनंजय : एकदाच.

आशा : आणि त्या काय म्हणाल्या?

धनंजय : "मस्त! चला!"

आशा : म्हणणारच. परवा दुबई मरीनाला बोटीत मी म्हटलं, बसा हो तुम्ही पुढे, तर बसल्या! मुंबईहून येताना मी म्हटलं, तुम्ही खिडकीशी बसा, तर सबंध समुद्र त्यांनी बघितला. मला दिसली ती हवाई सुंदरीची ट्रॉली. एकदा तरी बाई म्हणेल, "नाही हो, तुम्हीच बसा"?

धनंजय : मग तू म्हणतेसच कशाला?

आशा : रीत असते म्हणून!

धनंजय : आई, खरं सांग. यू आर जेलस, ना?

आशा : हो, आहे. जळते मी त्यांच्यावर. तू ऑफिसातून येतोस, दारातूनच "आई" म्हणून हाक मारतोस. मी ओट्यापासून ओ देते आणि मग कळतं की हाक त्यांना होती.

धनंजय : अगं, मनालीसुद्धा तुला आईच म्हणते की.

आशा : तिचं काय जातंय! तिला एक आई जास्तीची मिळाली. माझा मात्र मुलगा निम्मा झाला.

धनंजय : कमाल करतेस तू. बरं, पण तुला खरंच चढायचंय? तिथे लिफ्ट नाही. गोल गोल पायऱ्या, घासून गुळगुळीत झालेल्या. चढताना तोल एका बाजूला जातो म्हणे.

आशा : शाळेत असताना दरवर्षी मी तो मनोरा फळ्यावर काढायचे. आणि दरवर्षी कुणीतरी कार्टं ओरडायचं, "बाई, वाकडा आला!" निवृत्त होईपर्यंत ऐकून घेतलं. एकदा जाऊन बघायला नको, खरंच वाकडा आहे की नाही ते?

धनंजय : हे तू मला कधीच नाही सांगितलंस.

आशा : दुसऱ्यांदा विचारलं असतंस तर सांगणार होते.

धनंजय : ओके. ओके. माझं तिकीट तू घे. मी थांबतो खाली.

आशा : आणि वर जाऊन मी कुणाशेजारी उभी राहू? विनिताताईंच्या? अरे, मनोरा राहिला तर राहिला. मला वर तू शेजारी हवा आहेस. तू इकडे दुबईला नोकरीला आल्यापासून आपली भेट म्हणजे विमानतळ. एक तर आणायला, नाहीतर सोडायला. एवढ्या उंचावर माझ्या मुलाबरोबर फोटोत त्या असणार आणि मी खालून हात हलवणार. ते नाही बघवणार मला.

धनंजय : मग मनालीला सांगतो. ती समजून घेईल.

आशा : अजिबात नको! दिवाळीपासून रात्र-रात्र बसून तिने ही ट्रिप आखलीय.

धनंजय : हे नको खरं की पोह्यांचं?

आशा : हे खरं.

(विनिता बाल्कनीतले वाळलेले कपडे घेऊन आत येते.)

विनिता : काय जावईबापू, झालं का बुकिंग? मी तर बूटसुद्धा घालून बघितले. घरभर फिरले. मस्त पकड आहे हो त्यांना, पायऱ्यांवर घसरायची भीती नाही.

धनंजय : जरा घोळ झालाय. आईलापण वर यायचंय. आणि तिकिटं तीनच आहेत.

विनिता : हो का? पण आशाताई, तुम्ही तर नको म्हणाला होतात. माझ्यासमोर.

आशा : म्हणाले होते. तुमच्यासारखं पटकन हो म्हणायला नाही जमत मला. तुम्हाला बरं जमतं.

विनिता : मला तरी कुठे जमायचं! आमचे हे होते तेव्हा माझंही नको-नकोच चालायचं. ते विचारायचे, परत विचारायचे, चिडायचे, मग मी नटूनथटून सगळ्यांच्या आधी गाडीत. ते गेले त्या वर्षी मनालीच्या भावाने विचारलं, आई, महाबळेश्वरला येतेस? मी म्हटलं, नको रे, तुम्ही जा. आणि गेली की हो पोरं. मी खिडकीतून गाडी जाताना बघत राहिले. त्या दिवसापासून कुणी विचारलं की मी हो म्हणून टाकते.

आशा : हे मला ठाऊक नव्हतं, विनिताताई.

विनिता : असू दे हो. आणि एवढं काय त्या तिकिटाचं! माझं तुम्ही घ्या. मी बसते खाली आइस्क्रीम खात. तुमचं दोघा मायलेकांचं होऊ दे.

धनंजय : यल्ला, लवकर ठरवा. शेवटची दोन मिनिटं आहेत. तिसऱ्या तिकिटावर नाव कुणाचं घालू?

विनिता : विचारा तुमच्या आईला.

धनंजय : आई?

आशा : माझं घाल.

विनिता : अं?

आशा : माझं घाल म्हटलं. पासपोर्टवर आहे तसं, पूर्ण.

धनंजय : नक्की ना? नंतर बदलता येणार नाही, आई.

आशा : नक्की.

धनंजय : गेलं. पेमेंट गेलं. ईमेलपण आला.

विनिता : झालंसुद्धा? बरं झालं. छान झालं. मी काय म्हणते आशाताई... मी आपलं वरवर म्हटलं होतं हो.

आशा : माहीत आहे. मी जन्मभर वरवरच म्हणत आले.