पोच

वहिनी : चार वाजता त्या दुसऱ्या कंपनीच्या बाई येणार आहेत, आणि तुम्ही मला आत्ता सांगताय की कोड खुला करायचा नाही?

भावोजी : आत्ता नाही सांगत. महिनाभर सांगतोय. तुम्ही आत्ता ऐकलंत, एवढंच.

वहिनी : महिनाभर तुम्ही ‘बघू’ म्हणत होता.

भावोजी : सोळा वर्षं झाली तुम्हाला आमच्या घरात येऊन. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे ‘नाही’च असतं. दादाचंही तसंच होतं.

वहिनी : यांना मध्ये आणू नका.

भावोजी : कसं नको? हा निरोप्या, आपलं हे सॉफ्टवेअर, दादानेच लिहिलाय. त्याने आणि मी. एक पंखा, दोन खुर्च्या, त्यातल्या एकीला पाठ नाही. आणि तुम्ही तो उचलून चव्हाट्यावर ठेवताय. ओपन सोर्स म्हणे! या, बघा, घेऊन जा!

वहिनी : काय करतो हो निरोप्या? लॅबच्या मशीनमधून रिपोर्ट उचलतो आणि वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर नेऊन टाकतो. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध दुकानापर्यंत कळवतो. टपालवाला आहे तो. तसेच टपालवाले आपल्या समोरच्या दोन्ही कंपन्यांकडेही आहेत. ‘तुमचा टपालवाला फार छान, म्हणून तुम्हाला काम देतो,’ असं गेल्या तीन वर्षांत एक तरी हॉस्पिटल म्हणालंय?

भावोजी : टपाल बंद पडलं की त्याची किंमत कळते.

वहिनी : बंद पडलं की शिव्या, आणि चाललं तर कुणी ढुंकून बघत नाही. आपली माणसं अकरा. त्यातली सात याच्या सेवेला. डॉक्टर घसा कोरडा करून जी स्क्रीन मागतायत, पेशंटचं सगळं एका नजरेत दाखवणारी, ती दोन वर्षं आपली ‘पुढच्या महिन्यात’ होतेय. ते दोघेही तेच करतायत. एका गल्लीत तिघांनी तीन पाइप टाकलेत, आणि तिघं रात्रंदिवस गळती शोधतायत. पाणी तर एकच! मी म्हणते, एक पाइप ठेवू. प्रत्येकाने दोन-दोन माणसं द्यायची, मिळून राखायचा. नळ ज्याचा त्याने विकावा.

भावोजी : आणि चौथा येईल त्याचं काय? ना खणलं, ना घाम गाळला. आयत्या बिळावर नागोबा.

वहिनी : येऊ दे की नागोबा. बीळ गळायला लागलं तर त्याच्याही अंगावरच गळेल. बुजवेल तोही.

भावोजी : वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची असते.

वहिनी : आपल्या मुठीत काय होतं ते दोन आठवड्यांपूर्वी कळलं ना.

भावोजी : वॉर्डातला कॉम्प्युटर बंद पडला होता. तो हॉस्पिटलचा. आपला नाही.

वहिनी : तेच मी हॉस्पिटलला लिहून दिलंय. तुम्ही सांगितलंत म्हणून. पण मी त्या पेशंट बाईंना चार वेळा भेटून आलेय. चाळीस वर्षं कपडे शिवतायत त्या. रक्तातलं पोटॅशियम वाढलंय, असा रिपोर्ट सकाळी दहाला निघाला. वॉर्डात कळलं चार वाजता, तेही डॉक्टरांनी लॅबला फोन केला म्हणून. तोवर हृदय एकदा थांबून झालं होतं. आता बोलतात, ओळखतात. उजव्या हाताच्या बोटांत सुई धरता येत नाही.

भावोजी : येईल. डॉक्टर म्हणालेत, थोडंफार येईल.

वहिनी : तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही तर गेला नाहीत एकदाही.

भावोजी : मी जाऊन काय करणार तिथे? मी काय डॉक्टर आहे?

वहिनी : मी तरी कुठे आहे? बेल वाजली. त्याच असतील. कपाळावरच्या आठ्या जरा काढा.

पाहुण्या : लवकर आले का मी? तुमची लिफ्ट बंद आहे म्हणून वेळ हाताशी ठेवून निघाले होते.

भावोजी : आमच्याकडे बरंच काही बंद असतं.

वहिनी : बसा हो. हे माझे धाकटे दीर. निरोप्या यांनी आणि आमच्या यांनी मिळून लिहिलाय. भावोजी, या त्यांच्या कंपनीच्या मुख्य इंजिनिअर. तुमच्याइतकीच वर्षं हेच काम करतायत.

पाहुण्या : आणि एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतोय. मला माहीत आहेत हे. कागद काढण्याआधी एक बोलायचं होतं. ते कागदात नाहीये.

वहिनी : बोला.

पाहुण्या : तुमच्या त्या हॉस्पिटलचं कानावर आलं. आमच्याकडे तेच दोन वर्षांपूर्वी झालं होतं. वॉर्डातला कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की त्या मिनिटभरात आलेले रिपोर्ट हवेत. पाठवणारा म्हणतो पाठवले, घेणारा म्हणतो आलेच नाहीत. आमच्या सुदैवाने तो साधा रिपोर्ट होता. तेव्हापासून आम्ही प्रत्येक रिपोर्टची पोच मागतो. पाच मिनिटांत पोच आली नाही, तर वॉर्डात फोन वाजतो.

वहिनी : दोन वर्षांपूर्वी.

पाहुण्या : हो. दुसऱ्यांकडेही हे भोक असणार, हे आम्हाला तेव्हाच वाटलं होतं. मीटिंगमध्ये निघाला होता विषय. मी म्हटलं, समोरच्यांचं फुटेल तेव्हा ते बघतील. सगळे हसले. मीही हसले.

वहिनी : आणि फुटलं ते त्या बाईंवर.

पाहुण्या : म्हणून मी साहेबांच्या मागे लागले, हे एकत्र करू. धंद्याचं गणित तुम्ही मांडलंत ते बरोबरच आहे. पण मी आलेय ती त्या हसण्यामुळे. एक भोक तिघांनी तीनदा शोधायचं, आणि प्रत्येक वेळी पेशंट वेगळा… हे मला आता झेपत नाही.

वहिनी : भावोजी, ऐकताय ना? उघडा असता तर यांचं दुरुस्त केलेलं आपल्याला दोन वर्षांपूर्वीच मिळालं असतं.

भावोजी : ऐकतोय.

पाहुण्या : वकिलांचा फोन येतोय. दोन मिनिटं बाहेर जाऊन बोलते, चालेल ना?

(पाहुण्या बाहेर जातात. दार लागतं.)

वहिनी : पाणी हवंय का? चेहरा कसा झालाय बघा तुमचा.

भावोजी : आपल्याला त्यांच्याकडून काही मिळायची गरज नव्हती, वहिनी.

वहिनी : म्हणजे?

भावोजी : पोच आपल्याकडे पहिल्यापासून होती. दादाने लिहिली होती. आठ ओळी.

वहिनी : मग?

भावोजी : मी काढली.

वहिनी : कधी?

भावोजी : दादा गेल्यावर सतराव्या दिवशी. तुम्ही आतल्या खोलीतून बाहेर येत नव्हता. इथे अकरा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. त्या मोठ्या हॉस्पिटलची वेगाची चाचणी होती, आणि पोचेची वाट बघण्यात निरोप्या मागे पडत होता. ते काम गेलं असतं तर कंपनी गेली असती. मी म्हटलं, तेवढी चाचणी होऊ दे. काम मिळालं की परत चालू करू.

वहिनी : आणि?

भावोजी : काम मिळालं.

वहिनी : चार वर्षं, भावोजी!

भावोजी : विसरलो. खरंच विसरलो. त्या दिवशी हॉस्पिटलचा फोन आला, कोड उघडला, आणि समोर माझंच नाव. तासाभरात पोच परत चालू केली. कुणाला न सांगता. मग तुम्ही विचारलंत काय झालं, मी म्हटलं कॉम्प्युटर बंद पडला. ते खोटं नव्हतं.

वहिनी : अर्धं होतं. त्या अर्ध्याखाली मी सही केलीय. त्या बाईंची मुलगी माझा हात धरून म्हणाली, ‘तुमची काही चूक नसताना तुम्ही तरी येता.’ मी तिला काय सांगितलं माहितेय? मशीन आहे गं ते, त्याला काय कळतंय. चौदा दिवस हेच सांगतेय तिला.

भावोजी : म्हणून नको म्हणत होतो. कोड खुला केला की त्याचा सगळा इतिहासही दिसतो. प्रत्येक बदलापुढे नाव, तारीख, कारण. तिथे दादाच्या ओळी आहेत आणि त्यावर माझी काट. कारण म्हणून मी एकच शब्द लिहिलाय. ‘तात्पुरतं.’

वहिनी : आणि इतका वेळ मला नागोबा सांगत होता!

पाहुण्या : आले. चांगली बातमी आहे तशी. वकील म्हणतायत, जुना इतिहास घेऊच नका. आज जसा आहे तसा कोड घ्या, मागचं सगळं कापून टाका. तिन्ही कंपन्यांना सोपं जाईल. कोरी पाटी.

वहिनी : कायद्याने चालतं असं?

पाहुण्या : चालतं. पुष्कळ जण तसंच करतात.

वहिनी : मग… तसंच करायला हरकत…

भावोजी : नको.

वहिनी : भावोजी, थांबा. मला विचार करू द्या.

भावोजी : इतिहासासकट घ्या बाई. नाहीतर घेऊ नका.

पाहुण्या : मघाशी तर तुम्ही कोडच द्यायला तयार दिसत नव्हता.

भावोजी : आमच्याकडे पोच होती. मी काढली, चाचणीत वेग दिसावा म्हणून. त्या बाईंचा रिपोर्ट त्यामुळे हरवला. तुमच्या हसण्यामुळे नाही.

पाहुण्या : …हे हॉस्पिटलला माहीत आहे?

वहिनी : मलाच आत्ता कळलं. तुम्ही बाहेर होता तेवढ्यात.

पाहुण्या : मग तुमच्या दृष्टीने तर कोरी पाटीच बरी नाही का? मी हे कानाआड करू शकते असं नाही म्हणत. पण तुम्ही ‘नको’ का म्हणालात?

भावोजी : उद्या हे सांभाळणार कोण? तुमची दोन माणसं, त्यांची दोन, पुढे कुठली तरी ज्यांना आपण बघितलेलंही नसेल. त्यांना आठ ओळी दिसतील, आणि त्यांनी काम हळू होतं एवढंच दिसेल. पुन्हा एखादी चाचणी येईल. माझ्यासारखाच कुणीतरी हुशार माणूस म्हणेल, काढू या, तात्पुरतं. त्याने काढण्याआधी वाचलं पाहिजे, मागच्या वेळी काढल्यावर कुणाचं काय झालं.

पाहुण्या : नाव तुमचं कायम राहील तिथे. एकदा खुला झाला की मागाहून पुसता येत नाही.

भावोजी : माहितेय. मीच पुसून पाहायला बसलो होतो गेल्या आठवड्यात. हात धजला नाही.

वहिनी : हेही आत्ताच कळतंय मला.

पाहुण्या : तर मग स्पष्ट बोलते. आज सही नाही. आधी तुम्ही हॉस्पिटलला कळवा, लेखी. हे त्यांना आमच्या तोंडून कळायला नको.

वहिनी : काम काढून घेतील ते आमच्याकडून.

पाहुण्या : घेतीलही. आणि आमच्याकडे आले तर आम्ही नाही म्हणणार नाही. तेही आत्ताच सांगून ठेवते.

वहिनी : तोंडावर सांगितलंत ते बरं.

पाहुण्या : पण निरोप्याचं आपलं ठरलंय ते माझ्याकडून कायम. तुमच्याकडे एक गिऱ्हाईक असो नाहीतर दहा. आणि आमचाही इतिहास येईल त्यात, न कापता. भोक सापडल्याची तारीख दिसेल तुम्हाला. ती बघून मला चार शब्द सुनवायचे असतील तर सुनवा. येते मी. उतरायला बरा आहे तुमचा जिना.

भावोजी : गेल्या.

वहिनी : हं.

भावोजी : पत्र मी लिहितो. सही पण माझीच राहू दे.

वहिनी : सही माझीच लागेल. खोट्याखाली केली, खऱ्याखालीही करीन. मजकूर तुम्ही लिहा. आणि त्यात ‘तांत्रिक कारणामुळे’ लिहाल तर फाडून टाकीन.

भावोजी : नाही लिहिणार.

वहिनी : अकराही जणांना उद्या सकाळी एकत्र बसवून सांगायचं. काम गेलं तर कुणाकुणाला घरी बसावं लागेल, त्यांना बाहेरून कळायला नको.

भावोजी : वहिनी…

वहिनी : मला आत्ता माफी-बिफी नकोय. मी रागावलेय तुमच्यावर. बरेच दिवस रागावलेली राहीन. यांनी लिहिलेलं तुम्ही काढलंत म्हणून नाही. तेव्हा मी आत दार लावून बसले होते, तुम्ही एकटेच होता, ते कळतं मला. पण हे चौदा दिवस मी समोरच बसले होते की हो.

(भावोजी खिसे चाचपतात.)

वहिनी : काय शोधताय?

भावोजी : गाडीची किल्ली. भेटायची वेळ काय असते तिथे?

वहिनी : चार ते सहा. आत्ता निघालात तर पाऊण तास मिळेल. दुसरा मजला, खिडकीजवळची कॉट. मुलगी असेल सोबत.

भावोजी : तुम्ही येताय?

वहिनी : नाही. तुम्ही एकटे जा. आणि त्यांच्या उजव्या बाजूला बसा. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, मग सगळं दुसऱ्यांदा सांगावं लागतं.