पायवाटेवरची टोपली

दाताच्या डॉक्टरांकडे मी नंबर लावून बसले होते. मांडीवरचं बाळ नुकतंच झोपलं होतं. शेजारी सुजलेला गाल धरून एक बाई आणि त्यांचे वनरक्षक यजमान बसले होते. जंगलात लावलेल्या कॅमेऱ्याचे फोटो त्यांच्या मोबाइलवर येत होते.

“हे बघ, पायवाटेवर कपड्यांची टोपली! वर चादरसुद्धा आहे.”

“इथे माझी दाढ ठणकतेय आणि तुम्हाला टोपल्या सुचतायत.”

“अगं, सकाळपासून हिचेच फोटो येतायत. जंगलात धुणं कोण वाळत घालतंय?”

“ठेवणारा कुठाय?”

“पहिल्या फोटोत कुणाची तरी पाठ दिसतेय. पुढे कुणीच नाही.”

“मग कॅमेरा फोटो कशाला काढतोय? तुम्हीच सांगता ना, अंगात ऊब असलेलं काही हललं तरच तो फोटो काढतो?”

“वाऱ्याने चादर हलली असेल.”

“वाऱ्याला कुठली आलीय ऊब? अहो, फोटो मोठा करा. तो कोपरा.”

“कुठला?”

“चादरीखालून काहीतरी बाहेर आलंय ना, तो.”

“अगं आई गं!”

“बोटं आहेत हो. इवलीशी.”

“बोटंच आहेत गं.”

“मग बघत काय बसलाय? चौकीवर फोन लावा!”

“हॅलो, नाल्याजवळच्या कॅमेऱ्यापाशी पळ. टोपलीत बाळ आहे. हो, हलतंय, जिवंत आहे! गाडी कसली शोधतोस, आहेस तसा धावत जा! अरे, बिबट्याच्या रोजच्या वाटेवर लावलाय आपण तो कॅमेरा!”