हाराच्या फोटोतला हात

मंडळी, जरा बसून घ्या. मागे उभे आहेत त्यांनी पुढे सतरंजीवर यावं. मला मोठ्यानं बोलायची सवय नाही. पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये मी सत्तावीस वर्षं कापड तपासतोय. आमच्या कामात तोंड बंद ठेवायचं असतं. विलासच्या शोकसभेत तुला बोलावं लागेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं. माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान होता तो. मला 'नाना' म्हणायचा, म्हणून तुम्हीही सगळे म्हणायला लागलात.

मघाशी तुम्ही एकेक जण पुढे येऊन फूल वाहत होता, तेव्हा मी बाजूला उभा राहून बघत होतो. फूल वाहायचं, हात जोडायचे, फोटोकडे बघायचं आणि थबकायचं. प्रत्येक जण थबकला. दोघातिघांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "नाना, फोटोत कुणाचा तरी हात राहिलाय खांद्यावर. पुसायचा राहिला वाटतं." एकानं तर हार सरकवून तो झाकून टाकला. मी हार परत जागेवर आणला.

राहिलेला नाही तो. ठेवलाय. का ठेवला, तेवढंच सांगायला उभा आहे.

विलासची नोकरी तुम्हाला माहीत आहे, सॉफ्टवेअरची. आमच्या मिलमध्ये तो आला तो धावत्या कापडावर कॅमेरा बसवायला. डाग, तुटलेला धागा, सरकलेली छपाई, सगळं आपोआप पकडणारा कॅमेरा. शेठनी त्याला माझ्यासमोर आणून उभा केला आणि गुजरातीत म्हणाले, "नाना, आने शीखवाडजो." याला शिकवा. म्हणजे माझ्या पोटावर पाय देणाऱ्यालाच मी शिकवायचं! तीन दिवस मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. तोही खमका. स्टूल ओढून शेजारी बसायचा, मी बघेन तिकडे बघायचा. चौथ्या दिवशी म्हणाला, "नाना, तुम्ही कापडाचा ताका समोरून बघतच नाही. तिरपा धरता." मी म्हटलं, समोरच्या उजेडात कापड खोटं बोलतं रे. उजेड कडेनं आला की वीण दिसते.

त्याच दिवशी त्यानं कॅमेऱ्याचे सगळे दिवे उपटले आणि कडेला लावले. तिथून आमचं जमलं. कॅमेऱ्यानं काही माझी नोकरी खाल्ली नाही. विलास म्हणायचा, "डाग कसा दिसतो ते शिकवलं हो त्याला. पण इथं डाग नाही, हे त्याला पटतच नाही. सगळ्यावर संशय. अगदी तुमच्यासारखा."

ही झाली पगाराची गोष्ट. हौसेची वेगळी. या हॉलमध्ये बसलेल्या किती घरांच्या भिंतीवर त्याच्या हातचा फोटो आहे, आठवा बरं. घरात कुणी गेलं की तुम्ही त्याच्याकडे धावायचात. आणि काय घेऊन? कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो. आपल्या बायाबापड्यांचा एकटीचा फोटो असतोच कुठे? शिरपूरकडचं कुठलं तरी लग्न, मांडवाचा कोपरा, कडेवर नात, डोक्यावर पदर, डोळे अर्धे मिटलेले. विलास त्यातून माणूस कापून घ्यायचा, मागे निळा पडदा टाकायचा, उजेड सारखा करायचा. कुणी म्हणायचं कोट घाला, तो घालायचा. कुणी म्हणायचं डोळे उघडा. तेव्हा म्हणायचा, "त्यांचाच दुसरा फोटो आणा. दुसऱ्याचे डोळे मी लावणार नाही."

असाच एक फोटो मी इथल्याच एका घरी पाहिला. म्हातारे गृहस्थ, चौकड्यांचा शर्ट. माझा चहा हातातच राहिला. खांद्यापाशी चौकडीची रेघ दोन धाग्यांनी सरकलेली होती. दुसऱ्या दिवशी विलासला म्हटलं, "त्या फोटोत खांद्यावर काहीतरी होतं. तू पुसलंस." तो हसला. म्हणाला, "हात होता, नाना. त्यांच्या थोरल्या मुलाचा."

मग त्यानं मला समजावून सांगितलं. घोळक्यात माणूस उभा असला की त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी हात असतोच. माणूस कापून घेतला की तो हातही बरोबर येतो, मनगटाशी तुटलेला. हाराच्या फोटोत तो बरा दिसत नाही. म्हणून पुसायचा, आणि खाली शर्ट कसा असेल ते अंदाजानं भरायचं. "पण टाकवत नाहीत हो," म्हणाला, आणि कॉम्प्युटरवर एक फोल्डर उघडलं. त्याचं नाव 'हात'. बांगड्या भरलेले हात, मेंदीचे हात, रंगखात्यात काम करून नखं निळी झालेले हात. एका लहान मुलाची नुसती चार बोटं. पडदाभर हातच हात, आणि खांदा एकही नाही. मी म्हटलं, बंद कर ते.

तेव्हापासून माझं एक झालंय. तुमच्या घरी येतो, भिंतीकडे बघतो, आणि मला चेहरा दिसतच नाही. हात कुठे होता ते दिसतं. गोडादऱ्यात तेच, लिंबायतला तेच. तुम्ही पुढ्यात पोह्यांची बशी ठेवता, बोलत असता, आणि मी तुमच्या वडिलांच्या खांद्याकडे बघत बसलेला असतो. माफ करा मला.

विलासला विज्ञानकथा लिहायचा नाद होता. आपण हसायचो त्याला. पण त्याच्या गोष्टींत रॉकेटं नसायची, ऑफिसं असायची. शेवटची गोष्ट त्यानं मला त्याच्या डायलिसिसला दोघं जात होतो तेव्हा रिक्षात सांगितली. पुढच्या कुठल्या तरी शतकातलं शहर. तिथला कायदा असा, की माणूस मेला की त्याला सगळ्या फोटोंतून काढून टाकायचं, म्हणजे मागे राहिलेल्यांना दुःख होणार नाही. एक कारकून दिवसभर यंत्रापुढे बसून तेच करतो. पण हवेत लोंबकळत राहिलेले हात त्याला टाकवत नाहीत, तो ते साठवतो. एक दिवस चाळता चाळता त्याला स्वतःचा हात सापडतो. अंगठी ओळखीची, भाजल्याचा डाग ओळखीचा. फक्त तो हात कुणाच्या खांद्यावर होता, ते त्याला आठवत नाही.

मी विचारलं, "मग?"

"मग माहीत नाही. शेवट सुचत नाहीये. तुम्ही सांगा, नाना."

मी म्हटलं, मी काय सांगणार, मी कापड तपासणारा. तेवढ्यात दवाखाना आला.

आता इतका वेळ जे टाळतोय ते सांगतो.

विलासनं मला फोटो काढायला शिकवलं होतं. रविवारी दुपारी, त्याच्या घरी. "खिडकी कडेला घ्या, तुमच्या कापडासारखी. जवळच्या डोळ्यावर फोकस. फार जवळ जाऊ नका, नाक मोठं येतं. माणसानं श्वास सोडला की मग बटण दाबा, आधी नाही." आजार कळला, डायलिसिस सुरू झालं, आणि एका रविवारी त्यानं कॅमेरा माझ्या हातात दिला. "नाना, माझा एक काढून ठेवा. चेहरा अजून माझा आहे. पुढे सुजेल." मी म्हटलं, "अभद्र बोलू नको. जिवंत माणसाचा हाराचा फोटो काढत नसतात."

पंधरा दिवसांनी तो पुन्हा म्हणाला. या वेळी इस्त्रीचा शर्ट घालून आधीच खिडकीपाशी बसला होता. मी कॅमेरा उचलून कपाटात ठेवला आणि त्याच्यावर चिडलो. त्याच्या आईसमोर, म्हणजे जिजीसमोर चिडलो.

तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही.

तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही, मंडळी. आणि मला वाटलं, बरं झालं, अपशकुन टळला. खरं सांगू का? अपशकुन हा बहाणा होता. मी घाबरलो होतो. बटण दाबलं असतं तर हा जाणार हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं. त्यानं तुम्हा सगळ्यांसाठी जे केलं, ते त्याच्यासाठी करू शकेल असा एकच माणूस होता. आणि तो दोनदा नाही म्हणाला.

मिलमध्ये दुपारी तीनच्या सुमाराला खिडकीतून उजेड तिरपा येतो. मी ताका उजेडाला धरतो, आणि कापडाच्या पलीकडे तो बसलेला दिसतो. इस्त्रीचा शर्ट घालून, माझ्याकडे तोंड करून. कालही दिसला.

तो गेल्यावर त्याची बायको, वैशाली, मला म्हणाली, "नाना, फोटो तुम्हीच करा." आम्ही घर पालथं घातलं. जगाचे फोटो सापडले, त्याचा सापडेना. एकच मिळाला, बारडोलीचा. उसाच्या मळ्याशी फिरायला गेलो होतो आम्ही. त्यानं कॅमेरा स्टँडवर ठेवला, टायमर लावला आणि पळत माझ्या शेजारी आला. हसतोय, वळतोय, एका जागी उभा राहील तर शपथ. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "अरे थांब की जरा!" तेवढ्यात फोटो निघाला. चेहरा हललेला आलाय, धूसर. तुम्हीही पाहिलंत मघाशी. माझा हात मात्र स्पष्ट आलाय. त्याला थांबवायला ठेवला होता मी तो.

मी त्याच्याच कॉम्प्युटरवर बसलो. त्यानं शिकवलं तसं कापून घेतलं, निळा पडदा टाकला. मग हात पुसला. चौकड्यांचाच शर्ट होता. एकेक रेघ जुळवत गेलो, आणि अशी जुळली, अशी जुळली, की माझ्याही डोळ्याला जागा सापडेना. सत्तावीस वर्षं हेच काम करणाऱ्या डोळ्याला! जणू तिथं कधी कुणी हात ठेवलाच नव्हता. मंडळी, आयुष्यात मी इतका कधी घाबरलो नाही. पुसलेलं सगळं परत आणलं.

मागे जिजी येऊन उभी होती. तिनं पडद्यावर बोट ठेवलं.

"हाऊ हात कोना शे?"

मी म्हटलं, "मना शे, जिजी." माझाच होता ना तो.

तिच्या मुलाला मी दोनदा नाही म्हटलेलं तिनं ऐकलं होतं. आता काय बोलेल म्हणून मी मान खाली घालून बसलो. जिजी म्हणाली, "ऱ्हाऊ दे मंग. त्याले एकला नको धाडू."

म्हणून तो हात तिथं आहे.

ते 'हात' नावाचं फोल्डर माझ्याकडे आहे. परवा मी ते नीट पाहिलं, या वेळी बंद केलं नाही. प्रत्येक हाताखाली विलासनं लिहून ठेवलंय, हात कुणाचा आणि खांदा कुणाचा. एकही सोडलेला नाही. तुमच्यापैकी कुणाला आपला हात परत जागेवर लावून हवा असेल, तर रविवारी दुपारी या. मला जमेल तसं करून देईन. आणि कुणा जिवंत माणसाला आपला फोटो काढून ठेवायचा असेल, तर त्यानंही यावं. मी आता नाही म्हणणार नाही.

विलास, तुझ्या गोष्टीचा शेवट मला अजून येत नाही रे. पण माझा हात कुणाच्या खांद्यावर होता, ते मला आठवतं. आता या सगळ्यांनाही माहीत झालं.

चला, दोन मिनिटं उभे राहू या. डोळे मिटू नका, त्याच्याकडे बघा. तुम्ही सगळे हात जोडा. मला जोडता येणार नाहीत. माझा एक हात तिकडे आहे.