बाहीचा व्हिडिओ

शिंप्याच्या दुकानात रांगेत उभ्या आजींना मालकाचं वागणं बघून चीड आली. शिवून झालेली कोटाची बाही तो कारागिराला उसवायला लावत होता.

"मालक, चांगली बसलीये की."

"बसलीये रे, पण व्हिडिओत अंधार आलाय. उसव, आणि परत शिवताना जरा हस."

"दादा, उद्या सकाळी माझी नोकरीची मुलाखत आहे. कोट आत्ताच हवाय," पुढची मुलगी म्हणाली.

"थांबा ना ताई. 'आमच्याकडे काम वेळेवर' हाच तर व्हिडिओ आहे. त्यानंच धंदा वाढतो."

"आठवडाभर आपण शिवताना नुसते दिसतोय, मालक," कारागीर म्हणाला आणि उसवू लागला.

आजी मालकापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"तुझे कोट सारं जग बघेल, बाबा, पण अंगावर एकाच्याही चढायचे नाहीत."