सेनापती आणि रविवारचे पोहे

परदेशातल्या पेंडल हिल या उपनगरातल्या दवाखान्यात मुरलीधर पाठदुखी घेऊन बसला होता; शेजारच्या मायलेकी बोलू लागल्या आणि पाठ दुखायची थांबली.

"चिनी सिरियलमध्येसुद्धा राजा नायिकेचं लग्न न बघितलेल्या सेनापतीशीच लावतो. विसाव्या एपिसोडपर्यंत प्रेम होतंच, नीरजा."

"आई, तू माझ्यासाठी शोधलेला धवल तिकडे लांब वाळवंटात, कालगुर्लीला खाणीत असतो."

"सेनापतीही सीमेवरच होता."

"मेसेजला नुसता अंगठा पाठवतो."

"तोही कमीच बोलायचा. रविवारी धवल येतोय, बघून तर घे."

"मी ती सिरियल शेवटापर्यंत बघितलीय. नायिका सैन्य घेऊन निघते, सेनापती घरी स्वयंपाक करतो. तेव्हा रविवारचे पोहे धवल करणार. नाहीतर मी घरात नसेन."

आईने फोनमधला धवलचा फोटो उघडून न्याहाळला. आतून मुरलीधरचं नाव पुकारलं गेलं. तो उठलाच नाही.

"कांदा चिरता येत असेल का गं त्याला?"