कुंडीपाशी गाडी नको

पुढे घ्या — अजून थोडी — हां, आता राहू द्या. त्या कुंडीपाशी नको, एवढंच. तुम्ही बरे हो, एका शब्दात ऐकलंत. नाहीतर लोक — रस्ता काय तुझ्या बापाचा आहे का — दिवसाला चार वेळा तरी माझा बाप निघतो. बसा की बाकावर. इंजिन तापलंय म्हणालात ना, निवेपर्यंत बसा. थर्मासमध्ये चहा आहे, झाकणातून प्या. कप एकच आहे आणि तो माझा उष्टा.

ही इमारत? पाटी नाही, पण आता लपवायचं काय, पेपरात फोटोच छापून आला. समुद्राखालून केबल येते ना, ती इथं वर येते. फोन, बँका, दवाखाने, पोरांचे व्हिडिओ, सगळं त्या मनगटाएवढ्या नळीतून. इथं बारा वर्षं वॉचमन होतो तरी मला वाटायचं, इंटरनेट वरून येतं, आकाशातून. काखेत कळसा म्हणतात ते हेच. मग एकदा इंजिनियरसाहेबांनी रस्त्यातलं झाकण उघडून दाखवलं. साधं लोखंडी झाकण. म्हणाले, यावर गाडी उभी राहू द्यायची नाही, केव्हाही उघडावं लागतं.

आणि मी सांभाळलं हो. स्वतःच्या हातानं भोवती पिवळा चौकोन रंगवला, दर वर्षी दोन हात. कोणी जवळ आलं की शिट्टी. आता तुम्हीच सांगा — या रस्त्यात झाकणं पंधरा, आणि म्हातारा शिट्टी फुंकतोय एकाच झाकणासाठी. आंधळ्यालाही कळेल. मला नाही कळलं.

झालं काय, तर दोन महिन्यांपूर्वी एक जहाज तिकडे लांब समुद्रात नांगर फरफटवत गेलं, आपल्या दोन केबलींतली एक तुटली. आणि त्याच तासाला इकडे ते झाकण उघडून दुसरी, म्हणजे ही इथली, कोणीतरी कापली. दुपारी, मी जेवायला गेलो तेवढ्यात. जहाज कुठल्या देशाचं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण ते म्हणतात अपघात, आणि आपलेही मान डोलावतात. दोन्ही अपघात एकाच तासाला — मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातला प्रकार. नऊ दिवस सगळं बंद.

आमची धाकटी परदेशात असते. पहिलटकरीण, त्याच आठवड्यातली तारीख. ही फोन मांडीवर घेऊन नऊ दिवस बसून होती. जेव म्हटलं तर, रेंज आली का, एवढंच. दहाव्या दिवशी एकापाठोपाठ निरोप यायला लागले — आई, दुखायला लागलंय. आई, भीती वाटतेय. आई, उचल ना. बत्तीस निरोप. मुलगी झाल्याचा सगळ्यात शेवटी. दोघी सुखरूप आहेत, नाही असं नाही, पण ते मधले तीस निरोप हिनं मला मोठ्यानं वाचून दाखवले. आणि म्हणाली, ज्यानं कोणी हे केलं त्याचे हात झडोत. मी तेव्हा जेवत होतो. हातातला घास हातातच राहिला.

का म्हणजे — तसं काही नाही. एक होते, पक्षीवाले. मी त्यांना पक्षीवाले म्हणायचो, गळ्यात दुर्बीण असायची. केबल कापली त्याच्या आधी चार दिवस रोज यायचे, याच बाकावर बसायचे. काही विचारलं नाही बिचाऱ्यांनी. मीच बोलायचो. दिवसभर फाटकाशी बोलणारा माणूस मी, ऐकणारं कोणी भेटलं की सुटतो. झाकणाचंही बोललो असेन — नाही, बोललोच. मी जेवायला कधी जातो तेही. चौकशीला तिघं आले, म्हणाले, कोणी अनोळखी माणूस आला होता? नाही साहेब, म्हटलं. तोंडातून गेलंच ते. मग मनाला समजावलं, ते खरंच पक्षीवाले असतील, उगाच चोर सोडून संन्याशाला सुळी नको. निवृत्तीला सात महिने राहिलेत. आणि हिला काय सांगू? हिला कळलं तर ओरडणार नाही ती. नुसती बघेल. मला तेच नको आहे.

आता शहाणे झालोत. पिवळा रंग खरवडला, शिट्टी काढून घेतली. झाकणावर ती कण्हेरीची कुंडी ठेवली, शोभेची म्हणून. मला फक्त हुकूम आहे, गाडी लावू द्यायची नाही. समुद्रातली अजून तुटलेलीच आहे, दुरुस्तीचं जहाज यायला वीस दिवस. तोवर सगळा भार त्या कुंडी —

थांबा.

तुम्ही विचारलं नाहीत. कुंडीपाशी का नको, ते. सगळे विचारतात हो, आधी झाकणापाशी का नको म्हणून, आता कुंडीपाशी का नको म्हणून. भांडणारे तर विचारतातच, चांगलेही विचारतात. एवढ्या वर्षांत न विचारणारे दोघंच. पक्षीवाले आणि तुम्ही.

आणि इंजिन तापलेला माणूस आधी बॉनेट उघडतो.

नाही, हसू नका. सज्जन असाल तर तुमची माफी मागेन, पाया पडेन. माझंच मन खात असेल मला. पण ते थर्मासचं झाकण द्या इकडे. राहू दे तो चहा. बसा तिथंच.

हॅलो, साहेब? फाटकावरून बोलतोय. चौकशीत तुम्ही विचारलं होतं ना, कोणी अनोळखी आलं होतं का, आणि मी नाही म्हणालो होतो — आले होते साहेब. एक गेले. एक इथं बसलेत.