पत्रकावरचा गणवेश

मतदानाच्या रांगेत एक बाई उभी होती. तिचा मुलगा नुकताच फौजेत गेला होता. पुढे एक निवृत्त सुभेदार आणि त्यांचा मेहुणा एका उमेदवाराचं प्रचारपत्रक बघत बोलत होते.

“भाऊजी, सरकारात बसून फौजेला हुकूम द्यायचा तर माणूस फौजेतलाच हवा. हा बघा, गणवेशात!”

“बूट बघ. चालून चालून बूट घोट्यापाशी मुडपतो. याच्या बुटाला एक सुरकुती नाही.”

“तुम्हाला सगळ्यांचाच संशय!”

“बरं, होता फौजेत. मग?”

“मग डोळे झाकून मत!”

“त्याच्या हुकमावर गेलेले किती परत आले, ते आधी विचार.”

“ते कोण सांगणार?”

“परत आलेले. महिनाभरात एक तरी दिसला का प्रचाराला?”

बाईने आपल्याजवळचं तेच पत्रक उलगडलं. पाच फोटो होते. पाचही फोटोंत तो एकटाच होता.